चू. भू. द्या. घ्या.

खोली एकशे चौदा. इथं आधी सुतारकाम शिकवायचे;
हीटर लागला की अजून फटींतून
भुशाचा वास येतो.
भिंतींवर अंड्यांचे ट्रे, आवाज घुमू नये म्हणून,
आणि खिडकीच्या अर्ध्यापर्यंत
ईरी सरोवरावरून आलेला बर्फ.

आठ दहाला बातम्या, सगळ्या वर्गांत, सगळ्या पडद्यांवर.
साडेसात झाले तरी पहिली कोणती ते ठरत नाही.
मार्सेलस म्हणतो, पोहण्याची टीम.
येसेनिया म्हणते, मुलींच्या बाथरूममधला फुटलेला नळ,
तिच्याकडे फुटेज आहे, बुटांच्या उंचीवरून घेतलेलं.
भूमिका राई केबल गुंडाळतेय.
तिला कुणी हाक मारली की मला दर वेळी वाटतं,
आता कुणीतरी भूमिका घेणार.

मी कोपऱ्यात. ज्यूडला ऐकू येत नाही, म्हणून मी आहे:
बोललेलं सगळं पडद्याखाली टाइप करते,
एका ओळीत बत्तीस अक्षरं, पगार तासावर.
इंग्रजी बोटांतून जाते,
मराठी मागे हात बांधून उभी.

मग केबल खाली ठेवून भूमिका म्हणते,
आधी कुझॅक.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही सांगितलं होतं:
चौकातले मिस्टर कुझॅक,
एकोणीस वर्षं हातात पाटी धरून
पोरांना रस्ता ओलांडून देणारे, निवृत्त झाले.
फोटो लावला. मागे पियानो.
शुक्रवारी ते ऑफिसात आले, तेच केशरी जाकीट,
पायपुसण्यावर बूट झटकत म्हणाले,
मी निवृत्त झालो नाही. मला काढलं.
एवढंच. कॉफीही घेतली नाही.

कागदावर तसंच लिहून आलं होतं, मार्सेलस म्हणतो.
आणि त्यांना कुणी विचारलं होतं?
अंड्यांच्या ट्रेंनी तो प्रश्न गिळला.
डोम्ब्रॉव्स्की सर चष्मा पुसत राहिले
(त्यांचा करार दर जूनला नव्यानं होतो),
म्हणाले, शिळी झालीय बातमी. पण अकरा सेकंद निघतील.
तुम्ही ठरवा.
येसेनियानं कुरकुरत नळ तिसऱ्या नंबरावर ढकलला.

ज्यूडनं हात वर केला.
पाच. चार. तीन.
शेवटचे दोन आकडे तो नुसते बोटांनी दाखवतो,
तेवढ्यापुरती सगळी खोली
त्याच्याइतकीच ऐकते.

भूमिका वाचते. पहिल्या शब्दावर आवाज घसरतो.
आम्ही चुकीचं सांगितलं होतं.
'निवृत्त' मीही टाइप केलं होतं
त्या दिवशी, एका झटक्यात, स्पेलिंग बिनचूक.
आता 'काढून टाकलं' लिहिताना एक अक्षर सुटतं.
ज्यूड मान वळवून माझ्याकडे बघतो.
मी घालते.

अमळनेरला कोपऱ्यावरचे कोठारी
बिलाच्या तळाशी शिक्का मारायचे, जांभळा:
चू. भू. द्या. घ्या.
आम्ही भावंडं ते एका दमात म्हणायचो,
चूभूद्याघ्या, चिमण्यांना हुसकावं तसं.
अर्थ कळला तोवर दुकान बंद झालं होतं.
घ्यायचं ठीक आहे, ते घरबसल्या होतं.
द्यायला मात्र कुणाला तरी
ओल्या बुटांनी परत यावं लागतं.

हवामान. मार्सेलस हिरव्या पडद्यासमोर उभा,
अंगात हिरवा स्वेटर.
शाळाभर एक मुंडकं आणि दोन पंजे
पेनसिल्वेनियावर तरंगत सांगतात, दुपारी आणखी सहा इंच.
भूमिका टेबलाखाली तोंड दाबते, माइक चालूच.
मी टाइप करते: हशा.

नंतर ती फाइल सेव्ह करते. नाव देते, फायनल.
खोडते. फायनल दोन.
थोडा वेळ बोटं तशीच ठेवून: अजून नाही.

खिडकीच्या वरच्या अर्ध्यातून चौक दिसतो.
पलीकडच्या शाळेची तीन पोरं
बर्फाच्या ढिगाआडून माना काढून
अंदाज घेतायत,
गाडी थांबेल का.