पोटखराब

बारव मोजायला मला पाठवलं तेव्हा
जिंतूरच्या कचेरीतल्या नकाशावर तिथे एक भोक होतं,
वाळवीनं पाडलेलं.
चार शेतांच्या धुऱ्यांमध्ये काहीच नाही
म्हणून तीस वर्षं ते खपून गेलं.

चैत्रातलं ऊन. दगडावर हात टेकवत नव्हता.
मी साखळी धरली, धुराजी शिपाई दुसऱ्या टोकाला.
पूर्व, दक्षिण, पश्चिम सारखी भरली.
उत्तर चार बोटं तोकडी.
पुन्हा मोजली. पुन्हा चार बोटं.
खालून आवाज आला,
“कामून मोजायलाव? कुठं पळून चाललीय का ती?”

प्रयागबाई. तीन शेळ्या, एक करडू.
बावीस पायऱ्या खाली, पाण्याच्या वरच्या फरशीवर बसलेली,
आणि तिच्यापुढे दगडात कोरलेले तीन चौकोन,
एकाच्या पोटात एक.
चारी बाजूंच्या मधून रेघ आत जाते
आणि सगळ्यात आतल्या चौकोनाच्या उंबऱ्याशी थांबते.
नवकंकरी.
कुण्या पाथरवटानं दुपारच्या विसाव्यात कोरली असेल,
नाहीतर कशाची तरी खूण म्हणून.
मी तिला विचारलं, याचा अर्थ काय?
“बसा. आधी खेळाव लागतंय.”

तिच्या नऊ लेंड्या. माझे नऊ चिंचोके.

मी त्रिकोणावर पोट भरणारा माणूस.
शेत कसंही असू दे, ओढ्यानं खाल्लेलं,
भावाभावांनी ओरबाडलेलं,
त्रिकोणांत मोडलं की गप होतं, आकडा देतं.
आणि नवाबद्दल शाळेत मास्तर सांगायचे,
नऊ म्हणजे ब्रह्म, पोरांनो:
पाढ्यात कितीही लांब जाऊ द्या,
अंकांची बेरीज करा, घरीच येतं.

माझे घरी आले नाहीत.
तीन लेंड्या एका रेघेत बसल्या की
ती माझा एक चिंचोका उचलायची
आणि मधल्या चौकोनात ठेवायची.
“तिथे का?”
“मेलेलं तिथंच. तिथवर रेघ जात नसती.”

किती देवळांचे गाभारे मी बाहेरून मोजलेत,
भिंतीची जाडी वजा करून.
आत काय असतं ते वजाबाकीत येत नाही.
इथे एका ओंजळीएवढ्या गाभाऱ्यात
माझे सात चिंचोके.

“संपला डाव.”
“अजून दोन आहेत की.”
“दोघांनी काय होतंय? तिसरं लागतंय.”

बरोबर आहे.
दोन खुंटांमध्ये क्षेत्रफळ नसतं.
अंतर असतं, पण त्यात पेरता येत नाही.
घरी आम्ही दोघंच उरलो आहोत
हे मी तिला सांगितलं नाही.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग तिची न मेलेली एक लेंडी तिनं आपणहून उचलली
आणि मधल्या चौकोनात, सातांच्या शेजारी ठेवली.
“ऱ्हाऊ द्या सोबतीला.”
करडू आलं, एक चिंचोका तोंडात घोळवला,
थुंकून दिला.

निघताना म्हणालो, उत्तरेला चार बोटं कमी भरतंय, बाई.
“भरंलच कमी. पाणी त्याच अंगानं येतंय.”

क्षेत्र अडीच गुंठे. प्रकार: पोटखराब.
म्हणजे ज्यात काही उगवत नाही, असं आमच्या भाषेत.
चार बोटांची चूक नियमात बसते,
साहेब म्हणाले, बसवून टाका.
मी बसवली नाही.
तोकडी होती तशी काढली,
आणि कोन तपासायला कर्कटक मधोमध रोवलं
तेव्हा जिथं वाळवीनं जुना नकाशा खाल्ला होता
बरोबर तिथंच
नव्या कागदालाही बारीक भोक पडलं.

उजेडापुढे धरलं तर दिसतं.