डावा दिवा

तीन महिने माझ्या गाडीचा डावा दिवा
झाडांत बघत होता.
कडेपूरच्या अलीकडे, निंबाच्या शेंड्यावर
पिंगळ्यांची जोडी राहते, हे मला कळलं,
रस्त्यातला खड्डा मात्र
दणका बसल्यावरच कळायचा.
समोरचे अप्पर-डिप्पर मारून मारून दमायचे.
एका टेम्पोवाल्याने तर काच खाली करून
माझ्या घराण्याची चौकशी केली.
मी त्याला लांबलचक हॉर्न दिला.
आपला उजेड कुणाच्या डोळ्यात जातोय
ते स्टेअरिंगमागून दिसत नाही.

"दिवस बुडल्यावर या," दस्तगीर मुलाणी म्हणाला,
"उजेडात उजेड मापता येत न्हाई, डॉक्टर."
विट्यात त्याच्या गॅरेजसमोर पेंडीच्या गोदामाची भिंत.
तिच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला खडूच्या रेघा,
पुसलेल्या, परत ओढलेल्या,
बोलेरोच्या, वडापच्या जीपच्या,
एक कुणाच्या तरी नव्या नवरीसारख्या गाडीची, हिरव्या खडूने.

आधी चारी चाकांची हवा.
मग भिंतीपासून पंचवीस फूट, पावलांनी,
आणि पावलांवर विश्वास नाही म्हणून पुन्हा टेपने.
मी डिकीतलं सामान काढायला लागलो,
कॅल्शियमच्या बाटल्या, विण्याचे दोर, नायट्रोजनचं कॅन, गमबूट.
"ऱ्हाऊ द्या सगळं. रोज जसं जाता तसंच पायजे वजन.
शेजारी कोण बसतंय?"

शेजारी हिंदुराव बसायचा.
दवाखान्यातला परिचर, तेवीस वर्षं, नव्वद किलो.
डॅशबोर्डवर चंची, मांडीवर बॅटरी,
आणि प्रत्येक वळणाच्या आधी एकच शब्द:
मोरी. उतार. गतिरोधक. कुत्रं.
ऑगस्टअखेर रिटायर झाला,
आता इचलकरंजीला लेकीकडे असतो.
मी म्हणालो, कुणी नाही.
मग म्हणालो, दस्तगीर,
तो उतरल्यामुळेच तर गाडी डावीकडून वर उठली नसेल?
तो बॉनेटमध्ये वाकलेला होता.
"त्येचा काय संबंध? क्लिप तुटल्या."

क्लिप बदलली. उजव्या दिव्यावर गोणपाट टाकलं.
दिव्यामागचा पांढरा स्क्रू
तो दोन बोटांनी फिरवत गेला, पाव पाव फेरा,
आणि भिंतीवरचा उजेड उतरू लागला,
पत्र्याच्या पन्हळीवरून,
बियाण्याच्या जाहिरातीतल्या कणसावरून,
मजूर लावून उतरवावं तसा, सावकाश,
रेघेपाशी आला, रेघेच्या खाली गेला.
"जिथनं निघतो त्येच्या चार बोटं खालीच पडाय पायजे.
डाव्या अंगाला नाक जरा वर ऱ्हातंय, ते असू द्या.
चालणारं माणूस त्या कडंनं असतंय."
साठ रुपये. क्लिपचे.
स्क्रू फिरवल्याचं काय घेत नाही, म्हणाला.

दोनच्या सुमाराला वांगीहून फोन.
म्हैस अडलीय, पाय बाहेर, मुंडकं मागे वळलेलं.
निघालो.
रस्ता होता.
म्हणजे डांबर, त्याची फाटकी कड, कडेचं गवत,
गवतात बसलेला ससा, त्याचे कान.
दोनशे फुटांवर उसाची ट्रॉली उभी,
मागे ना लाल दिवा, ना पट्टी,
चाकाला लावलेला दगड तेवढा दिसला.
मी निवांत ब्रेक दाबला.
समोरून एक मोटरसायकल आली
आणि नुसतीच गेली.
काही न बोलता.
मी आरशात तिचं लाल टिपूस बघत राहिलो.

तेवढ्यात फोन.
याला अजून या वेळेला जाग येते.
"सायेब, कुठंशी?"
मी स्पीकर लावून फोन शेजारच्या सीटवर ठेवला.
आत्ताच कडेपूर सोडलं, म्हणालो.
पलीकडे लेकीच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं,
कुठेतरी यंत्रमागही.
मग तो खाकरला.
"मोरी," म्हणाला.
दिसतेय, म्हणालो मी,
आणि तरी गिअर खाली घेतला.