आठ घरांचा पत्ता

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडतीच्या माळ्यावर,
खाली सौदा चाललेला, हळद कीबोर्डच्या फटीत,
मी सुकुमार मगदुमांचा प्रोग्राम उघडून बसलेय.
सव्वीस वर्षांचा. अजून एक पट्टी चुकलेली नाही.

नवं मशीन आलंय, चौसष्ट बिटांचं.
जिनगोंडाशेठ म्हणाले, नुसतं हलवायचं तर आहे,
या खोलीतून त्या खोलीत.

हलवलं. चारशे बारा इशारे आले,
तरी चालू झाला.
दुपारी सगळ्या सालांची खाती एकदम चढवली
आणि मटकन बसला.

काका कुपवाडहून स्कूटरवर आले.
चष्मा कपाळावर, बोट स्क्रीनला:
"हा आकडा नव्हं, पत्ता आहे.
मीच ठेवला आकड्याच्या पेटीत.
तेव्हा दोन्ही एका मापाचे होते की गं."

तेव्हा पत्ता चार घरांत मावायचा.
आता आठ लागतात, पेटी चाराचीच.
वरचा अर्धा गळून पडतो, आवाज न करता.
उरतं ते खरंच वाटतं:
गल्ली बरोबर, घर नंबर बरोबर,
गाव तेवढं गेलेलं.

सकाळी का चाललं मग?
सकाळी वरचा अर्धा नुसता शून्य होता.
शून्य गळालं तर कळतं कुणाला?

काका भडंग खात पेवांचं सांगू लागले.
हरिपुरात त्यांचे चुलते पेव दाखवून द्यायचे:
लिंबापासून बावीस पावलं, तिथून डावीकडं नऊ.
वर सगळी सारखीच माती,
खाली कुणाची हळद, ते पावलांना ठाऊक.
एका साली कुणी लिंब तोडला.
"पेव जागेवरच होतं. मोजायचं कुठनं?"

पेवाचं तोंड उघडलं की आधी दिवा सोडत.
विझला तर माणूस उतरत नसे.

मीही तेच करतेय रात्रीपासून,
एकेका पेटीत दिवा सोडत.
एकशे नव्वद इशारे उरलेत.
आणि ओळ दोन हजार सातशेला काकांचा जुना शेरा:
'एवढी मेमरी सांगलीत कुणाकडं असणार!'

पुसला नाही. त्याच्याखालची पेटी रुंद केली,
आठ घरांची, आणि लिहायला गेले,
'आता पुरेल'.

"नको लिहूस," काका म्हणाले,
आणि भडंगाचा कागद पुढे सरकवला.