तळघरातलं मीठपाणी

मूस जॉमध्ये समुद्र नाही.
गव्हाची रानं, उणे तीस, मालगाड्यांचं यार्ड,
आणि आमच्या तळघरात
तारास मेल्निचुक, निवृत्त फिटर, म्हणजे बाबा,
यांनी लिटरला पस्तीस ग्रॅम
असा तोलून मापून केलेला एक.

दवाखान्यात जाताना चिठ्ठी दिली:
हिरव्या बाटल्या दोनदा हलव.
तळाला बसू देऊ नकोस.
रोटिफर आईच्या रेशमी रुमालातूनच गाळ,
जाळीतून निसटतात.
माझं नाव चिठ्ठीत नव्हतं.

सातव्या रात्री
मडक्याला चिकटलेल्या अंड्यांत डोळे चमकले, रुपेरी.
आठव्या रात्री दिवे घालवले,
तासाभराने टॉर्च धरला:
पापणीच्या केसाएवढी पिल्लं,
पाण्यावरचे ओरखडे.
रुमाल झटकला त्यांच्यात.
मला काही दिसेना,
पण त्यांना दिसत होतं.
अंग आखडायचं, झेप, एक घास,
पुन्हा अंग आखडायचं.

शाळेतून यायचे तेव्हा बाबा खालीच असायचे.
बुडबुड्यांचा आवाज वर यायचा.
ब्रेडला लोणी फासून
मी तिसऱ्या पायरीवर बसून खायचे.
चौथी करकरायची.

आज पहाटे फोन आला.
मागे ऑक्सिजनचे बुडबुडे.
बराच वेळ तेवढेच.
मग,
"खाल्लं?"

कुणी, ते मी विचारलं नाही.
"हो," म्हटलं, "पोटं गच्च आहेत."
"बरं," म्हणाले.
ठेवला नाही लगेच.

बाटल्या हलवल्या.
ब्रेड शिळा होता.
चौथ्या पायरीवर बसले.