झाकण

अर्देशीरशेठचं दुकान ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या बोळात.
पाटीवरचं ‘व दारूगोळा’ उन्हानं खाल्लंय.
पायऱ्या तीनच. अप्पा दोनदा थांबले,
आणि “परवाना घेतलास ना?” हे मात्र
तिन्ही पायऱ्यांवर विचारलं.

काउंटरवर हिरवी बनात.
तिच्यावर शेठनी चार दुर्बिणी निजवल्या,
तान्ही पोरं निजवावीत तशा, तोंड भिंतीकडे करून.
“चोवीसपट घे,” अप्पा म्हणाले, न बघताच.
त्यांना जन्मभर सगळं मोठ्या मापाचं लागलं,
चपला सोडून.

“चोवीसपट घेशील तर कागदावरचं भोक दिसेल, बराबर,”
शेठ म्हणाले, “पण तुझी नाडी पण दिसेल, डिकरी.
काळा गोळा नाचेल, तुला वाटेल वारा आहे.
वारा नाय. तू आहेस.”

मग त्यांनी मला दारात उभं केलं.
समोर बेकरीचं धुराडं.
मी त्यावर फुली ठेवली, मान जराशी हलवली,
आणि फुली विटेवरून घसरून आभाळात गेली.
शेठनी बाजूचं चाक फिरवलं, केसभर,
पुन्हा केसभर.
आता मान कशीही हलवा,
फुली त्याच विटेवर, तिच्या तुटक्या कोपऱ्यावर.
“डोळा चार बोटं मागे,” म्हणाले,
आणि भुवईतली अर्धचंद्राची खूण दाखवली:
सत्तावीस टाके नव्हेत, तीनच,
पण तीस वर्षं सांगण्याजोगे.

“द्या इकडे,” अप्पा म्हणाले.
त्यांच्या उजव्या डोळ्यात नवी काच बसलीय,
डावा अजून पिकतोय.
त्यांनी डावाच लावला. सवयीनं.
त्यांची जुनी रायफल साध्या माशीची होती,
बहात्तर साली शिकार बंद झाली
तेव्हापासून कपाटात, तेल पिऊन पडलेली.

बराच वेळ बघत राहिले.
“स्वच्छ आहे,” म्हणाले.
“काय दिसतंय?”
“पाणी. पलीकडच्या काठावर मादी.
पिल्लू तिच्या पोटाखाली आहे, पाय तेवढे दिसतात.”

पुढचं रबरी झाकण तसंच होतं.
मी पाहिलं. शेठनी पाहिलं.
आणि शेठ बिलबुक शोधू लागले,
जे त्यांच्या कोपराखालीच होतं.

आमच्या घरात ती गोष्ट वेगळी होती.
वेल्ह्याचं रान, पहाटेचे पाच, साठ पावलं,
सांबर. नर.
शिंगं अशी, हातभर, असे हात पसरून.
भिंतीवर मात्र कॅलेंडर आणि घड्याळ.
“मग शिंगं कुठायत?” आम्ही विचारायचो.
“दिली कुणाला तरी.”
आई तेव्हा उठून
उगाच गॅस बारीक करायची.

“मग?” मी विचारलं.
काळोखात त्यांचा डोळा तसाच लागलेला.
“मग काय,” अप्पा म्हणाले, “वारा फिरला.”

दुर्बीण खाली ठेवताना
त्यांचा अंगठा झाकणावर पडला.
थांबला तिथंच जरा.
काही बोलले नाहीत. रुमालानं
त्यांनी झाकणच पुसलं.

मी सोळापट घेतली.
शेठनी कड्या फुकट दिल्या, पेच आवळायचा पाना दिला,
आणि अप्पांना बेकरीतले नानकटाई.

एप्रिलात क्लबच्या तीनशे मीटरला
दुपारी जमीन उकळते.
सर ओरडतात, “मृगजळ वाच, मृगजळ!
कुठल्या बाजूला वाहतंय?”
वाचते. डावीकडून उजवीकडे,
उथळ ओढ्यासारखं,
आणि त्याच्या तळाशी काळा गोळा.
हरणाचं पाणी म्हणायचं याला, आणि हरीण नसतं.
दोन क्लिक डावीकडे देते.
टक्. टक्.

शेजारच्या लेनवरची पोरगी तिसरी गोळी मारून मोकळी.
माझं बोट अजून ट्रिगरच्या बाहेर, लाकडावर.
ओढ्याच्या पलीकडे कोणी आलंय का
ते एकदा बघून घेते.