डिचोलीत बर्फाची गाडी

ती आली ताडपत्रीखाली, मनालीहून, ट्रकने पाच दिवस.
पुढे दोन स्की, मागे लांब रबरी पट्टा,
मध्ये चार-स्ट्रोकचं इंजिन,
इथल्या दमट हवेत पहिल्याच संध्याकाळी घामाघूम.
नोर्बू म्हणाला, दोनशे ब्याऐंशी किलो.
चढावर रुतते. रुतली की काढायला चार माणसं लागतात,
आणि तिथे वर चार माणसं नसतात.

सगुण च्यारीने गाडीभोवती एक फेरी मारली.
पंचवीस वर्षं त्याने टिप्परना वजन चढवलं होतं:
हौद्याला जाड पत्रा, पत्र्यावर पट्टी, पट्टीवर वेल्डिंग,
एका खेपेत दोन टन खनिज जास्त जावं म्हणून.
त्याच्या बापाच्या समया तर किलोवरच विकल्या जायच्या,
गिऱ्हाईक आधी उचलून बघायचं,
हलकी लागली की तोंड वाकडं.
आता खाणी बंद, टिप्परांच्या चाकांत वेली,
आणि हा डोंगरातला पोरगा सांगत होता,
जे काढाल त्याचे पैसे देतो.

आमच्यातल्या कुणी बर्फ पाहिला नव्हता,
मासळीवरचा सोडून.
तसा नसतो, नोर्बू म्हणाला, तो पिठासारखा.
किती वजन झेलतो? रोमाल्दने विचारलं.
नोर्बूने ड्रमवर झोपलेल्या मांजराकडे बोट दाखवलं.
एवढं.

आधी सोपं निघालं.
बॅटरी साडेनऊ किलोची गेली, दोनची आली.
सायलेन्सर टायटॅनियमचा; त्याचं वेल्डिंग शिकायला
रोमाल्दने वेर्ण्याला तीन रविवार घातले, मिस बुडवून:
जोड चंदेरी हवा, सोनेरी चालेल,
निळा पडला की भंगार.
स्प्रिंगा गेल्या, त्यांच्या जागी कोंडलेली हवा.
मग उरले बोल्ट.
मी लेथवर बोल्टांची पोटं पोकळ करत बसायचो
आणि म्हापशाहून आणलेल्या मासळीच्या काट्यावर तोलायचो,
त्याला अजून बांगड्याचा वास होता.
वहीत लिहायचो: उणे चार. उणे अकरा. उणे दीड.
घरी बायको विचारायची, काय केलंत आज?
सहासष्ट ग्रॅम, मी म्हणायचो.
ती भाताचं झाकण जरा जोरात ठेवायची.

एकदा हौसेने गाडी खाणीच्या वजनकाट्यावर नेली.
बाबूश अजून तिथे रोज येऊन बसतो, कुलपाच्या सोबतीला.
त्याचा काटा वीस-वीस किलोंनीच हलतो,
आमचा अख्खा शेवटचा महिना त्याला दिसलाच नाही.
दोनशे चाळीस, तो म्हणाला. रिकामी आहे ना?

हाव सुटते माणसाला.
ब्रॅकेटला मी सातवं भोक पाडलं, सुबक, गोल.
सगुणने त्यात करंगळी घालून पाहिली,
ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरलं, पान्याने नुसतं रेटलं.
कुरमुरा चावल्यासारखा आवाज.
सहा पुरे होती, एवढंच बोलला.
चहाच्या वेळी मात्र, कपात बघत:
समईची दांडी पोकळच असते रे.
बूड तेवढं भरीव. बुडाला हात लावायचा नाही.

गाडी परत चढवायच्या आदल्या रात्री
रोमाल्द म्हणाला, कुठेतरी नाव घालूया.
नाव म्हणजे वजन, सगुण म्हणाला.
कोरलं तर नाही, मी म्हटलं. कोरलं तर कमीच होतं.
पट्ट्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पाठीला आतून,
जिथे फक्त बर्फच वाचेल,
मी सुईच्या टोकाने डिचोली लिहिलं.
भुगा तळहातावर गोळा करून काट्यावर झटकला.
काटा हलला नाही.
तरी वहीत लिहिलं: उणे.
पुढे आकडा नाही.

फेब्रुवारीत फोन आला. सगुणने स्पीकर लावला.
रुतली, नोर्बू म्हणाला.
मग बराच वेळ नुसता वारा,
आमच्या पंख्यापेक्षा मोठा.
आम्ही तिघं टेबलाभोवती, हात ग्रीसमध्ये,
कोणता बोल्ट, कोणता जोड, कोणतं भोक.

एकट्याने काढली, तो म्हणाला.