डॅन्यूब संघ, परदेशीपुरा शाखा

हजेरीपट होता मिलचा, लांबट, निळ्या रेघांचा,
फणसेकाकांनी टाइम ऑफिसातून आणलेला.
नावांच्या रकान्यात आम्ही देश लिहिले
आणि तारखांखाली गोल.

खेळ कॅरमवर. खेळाडू म्हणजे बटणं.
फणसेकाकू शिलाई करायच्या, त्यामुळे
युरोपात माणसांची टंचाई नव्हती.
पूर्व जर्मनी पांढरी, शर्टाची, सगळी एकसारखी.
इटली ब्लाउजची, चमकीवाली.
युगोस्लाव्हियाचा गोली कोटाचा, निळा,
चार भोकांचा, रुपयाएवढा; तो उभा राहिला
की बॉल, म्हणजे साबुदाणा, आत जातच नसे.

जयराज म्हणाला, सुरुवात बर्नपासून करू.
चोपन्न साल. त्या दिवशी पाऊस पडला नाही, लिही.
मी लिहिलं. मैदान कोरडं राहिलं, हंगेरी जिंकली,
आणि दोन वर्षांनी बुडापेस्टच्या वेशीवर
रणगाडे आले ते
खेळाडूंच्या सह्या घेऊन परत गेले.
इतकं सोपं होतं ते.
चौदा वर्षांच्या पोरांना कुणी विचारलंच नव्हतं.

बर्लिनची भिंत ठेवली आम्ही,
पण फ्री किकपुरती,
पाच माणसांची, हात पुढे बांधलेली.
शिट्टी झाली की आपापल्या घरी.

मग तह. तह रात्री सराफ्यात व्हायचे,
भुट्ट्याच्या किसाच्या एका दोण्यात दोन चमचे घालून.
ऑस्ट्रिया, हंगेरी, चेक, झाडून सगळे युगोस्लाव्ह
मिळून डॅन्यूब संघ. राजधानी परदेशीपुरा,
कारण शिक्का तिथं होता,
जांभळ्या शाईचा, 'उशिरा आला' असं लिहिलेला.
फ्रान्सने अर्ज केला. जयराज म्हणाला, थांबू दे भिया,
आधी पोर्तुगालचं बघू, गरीब आहेत.

एक्क्याण्णवपर्यंत मला मिशी आली होती
आणि पेपर वाचायची सवय.
त्या डिसेंबरात एका सकाळी भोंगा वाजला नाही.
वस्तीतली माणसं तरीही सहाला उठून
ओट्यांवर बसली, कप हातात,
रेफ्री घड्याळ बघतोय, आता सुरू होईल, अशी.

त्याच आठवड्याचं पान आहे हे. अक्षर जयराजचं.
'संघाच्या बैठकीत एकमताने ठरलं की
सर्व सैन्यांचे शर्ट आपल्या मिलच्या कापडाचे शिवावेत.
मुदत चाळीस वर्षं. पहिली पाळी सोमवारी सातला.'
त्याखाली लाल पेनाने मी:
युगोस्लाव्हिया फुटला. मिल बंद आहे.
माहीत नसेल तर वाच.
आणि पेपरचं कात्रण, खळ लावून.

तो बोलला नाही काही.
निळं बटण उचललं, दाढेखाली धरलं.
आवाज झाला तेव्हा
मला आधी वाटलं, दात गेला.

आता तो पीथमपूरला असतो, गेटवर, रात्रपाळीला.
वहीत ट्रकचे नंबर लिहितो.
पंचवीस वर्षांत भेटी चार-पाच,
दोन लग्नं, काकांचं तेरावं. युरोपचा विषय नाही.
मग इंग्लंड बाहेर पडलं त्या सकाळी
पाळी सुटताना फोन.
मागे कुठलातरी ट्रक रिव्हर्स घेत होता.
'घ्यायचं का त्यांना आपल्यात?'
मी म्हटलं, अर्ज करू दे.
बराच वेळ नुसता ट्रक.
'आणि पोर्तुगालचं काय केलंस?'
मी म्हटलं, कागद तयार आहे. तुझी सही राहिलीय.

बटण माझ्याकडे आहे.
तडा दोन भोकांतून गेलाय.
उरलेल्या दोनांवर या स्वेटरला लावून घेतलं.
टेलर म्हणाला, साहेब, पाच रुपयांत नवं येतं.
म्हटलं, असू दे,
अजून एक गोल खाल्लेला नाही याने.